वजनाने घेतलेलं नाणं

"कडेने धर. दोन बोटांत, हलकं. चेहऱ्याला बोट लावायचं नाही, कधीच नाही."

बाबांनी हे ताईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. शेवटचं सांगितलं तेव्हा ती सत्तावन्न वर्षांची होती आणि बाबांना ती दिसत नव्हती. मधल्या सेहेचाळीस वर्षांत त्या वाक्यातला एक शब्दही बदलला नव्हता. आज पहाटे ती प्रार्थनेला बसली, तर देवाचं नाव ओठावर यायच्या आधी कानात ते वाक्य आलं, आणि तिला उगाचच दमल्यासारखं झालं. दिवस अजून सुरू व्हायचा होता.

दहा वाजता पारखीबाई आल्या. जुन्या नाण्यांची किंमत करून देणं हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. बेचाळीस पायऱ्या चढून त्या दारात उभ्या राहिल्या, एक हात चौकटीवर, दुसऱ्या हातात तराजूची पेटी.

"लिफ्ट नाही होय?"

"नाही ना," भावजय म्हणाली. "म्हणूनच तर तुम्हाला बोलावलंय."

भावजयीने हे चेष्टेने म्हटलं असलं तरी ती चेष्टा नव्हती. बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. आईचे दोन्ही गुडघे गेले होते. आठ महिन्यांत ती फक्त दोनदा खाली उतरली, दोन्ही वेळा खुर्चीत बसवून, चार जणांनी उचलून, डॉक्टरकडे. शेजारच्या इमारतीत तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा रिकामी झाली होती. मालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता. तिघा भावंडांचं आयुष्यात पहिल्यांदा एका गोष्टीवर एकमत झालं होतं: बाबांची चांदीची नाणी विकायची आणि आईला खाली आणायचं.

टेबलावर भावजयीने आपल्या शिवणकामातलं हिरवं कापड अंथरलं होतं. त्यावर चार लाकडी कप्पे, आणि कप्प्यांत उभी रचलेली एकशेबारा पाकिटं. पाकिटं ताईने स्वतः घडी घालून केलेली. ती पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कामाला होती; न पिवळणारा कागद तिथे कातरणीतून उरायचा, मालकाला विचारून ती तो घरी आणायची. पाकिटावर बाबांचं अक्षर. वर्ष, टांकसाळीची खूण, वजन, कुणाकडून घेतलं. वजन दशांशाच्या दोन घरांपर्यंत. बाबा वजनमापांचे निरीक्षक होते. साऱ्या बाजारपेठेतले तराजू तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आणि त्यांचं नाव निघालं की लोक अजून म्हणायचे, त्या माणसाने कधी काटा हलू दिला नाही.

"पंखा बंद करा," पारखीबाई म्हणाल्या. "खिडकीही लोटा. वाऱ्याने आकडे नाचतात."

"दिवसभर?" चिमणीने विचारलं. ही धाकटी. सगळ्यांत लहान म्हणून चिमणी, आणि आता चव्वेचाळीस वर्षांची होऊन औषधाच्या दुकानाचा काउंटर एकटी सांभाळत असली तरी चिमणीच.

"एकशेबारा आहेत ना? मग दिवसभर."

पंखा बंद झाला. खिडकीपाशी आरामखुर्चीत आई बसली होती. तिने पदराने वारा घ्यायला सुरुवात केली. तिला कमी ऐकू येतं असं घरात सगळे धरून चालायचे.

पहिलं पाकीट उघडलं. पारखीबाईंनी नाणं कापसाच्या घडीवर घेतलं, भिंग लावलं, मग तराजूवर ठेवलं. पाकिटाकडे बघितलं. पुन्हा नाण्याकडे. ते बाजूला ठेवून दुसरं घेतलं. मग तिसरं. चौथ्याला त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"ही नाणी ह्या पाकिटांतली नाहीत."



"म्हणजे?" राजे म्हणाले. भावाला घरात सगळे राजे म्हणायचे. शाळेच्या नाटकात एकदा मुकुट घातला होता, तो मुकुट परत गेला, नाव राहिलं. राज्य म्हणजे झेरॉक्सचं एक दुकान आणि त्यात कायम अडकणारं एक मशीन.

"म्हणजे पाकिटावर लिहिलंय एक, आत आहे दुसरं. हे बघा. वर्ष वेगळं, खूण वेगळी, वजनात पाव ग्रॅमचा फरक. चारही तशीच. माझ्याकडे असं आलं की मी एकच प्रश्न विचारते. मधे कुणाचा हात लागलाय का?"

चिमणीने ताईकडे बघितलं नाही. मुद्दाम कप्प्यांकडे बघत म्हणाली, "कपाटाची किल्ली कुणाकडे होती?"

"माझ्याकडे," ताई म्हणाली.

"बाबा गेल्यापासून?"

"त्याच्या आधीपासून."

"मी काही म्हणत नाहीये, ताई. फक्त विचारतेय."

"विचार ना."

"चांगली काढून हलकी घातली असं कुणी म्हटलं, तर आपण काय उत्तर देणार? आपल्याला तर ओ की ठो कळत नाही यातलं. तुला कळतं. म्हणून विचारतेय."

भावजय पुढे सरकली. "अगं, पण असं एकदम..." आणि मग नवऱ्याकडे बघून थांबली. राजे काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत हेच ताईला लागलं. चिमणीचं तसं नाही. चिमणी मनात येतं ते ओठावर आणते आणि विसरते. पण राजे गप्प बसले म्हणजे त्यांनी तो प्रश्न खिशात घातला.

ताई उठली, आईच्या पाठीमागचा तक्क्या सारखा केला, आणि परत येऊन बसली. तेवढ्यात तिला काय सांगायचं ते जमवता आलं.

"बाबांनी घातलीत ती," ती म्हणाली. "शेवटच्या दीड वर्षात. डोळे गेल्यावर. रोज दुपारी एक कप्पा मांडीवर घ्यायचे. नाणं काढायचे, बोटांनी बघायचे, आणि मग हाताला लागेल त्या पाकिटात परत ठेवायचे. मला म्हणायचे, हे अमुक सालचं ना गं? ते नसायचं. मी हो म्हणायची."

"नसताना हो म्हणायचीस?" चिमणीने विचारलं.

"हो."

"दीड वर्ष?"

"पहिल्या दिवशी एकदा म्हटलं, बाबा, हे ते नाही. तर तासभर बोलले नाहीत. आपलेच डोळे गेले, आता बोटंही गेली, असं काहीतरी पुटपुटले. दुसऱ्या दिवशी मी हो म्हटलं. मग रोजच म्हणत गेले."

"आणि आम्हाला सांगायचं नाही?"

"तुम्ही यायचात तेव्हा ते झोपलेले असायचे," ताई म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तो असता तर चिमणीला बरं वाटलं असतं.

पारखीबाईंनी लिमलेटची गोळी तोंडात टाकली. "हे बघा, मी घरातल्या भांडणात पडत नाही, तेवढंच माझं आयुष्य वाढतं. पण वडिलांनी प्रत्येक पाकिटावर वजन लिहिलंय, तेही दोन घरांपर्यंत. दुसऱ्या कुणाच्या घरी हा गुंता सुटला नसता. इथे सुटेल. एकशेबारा नाणी वजन करायची आणि एकशेबारा पाकिटांशी लावायची. जुळली सगळी, तर कुणी काही काढलेलं नाही. नाही जुळली, तर मी माझी पेटी उचलते, पुढचं तुमचं तुम्ही बघा."

"करू या," चिमणी लगेच म्हणाली. "मी वजनं वाचते. माझं रोजचं काम आहे ते."

"मी पाकिटं लावून देते," भावजय म्हणाली.

राजे म्हणाले, "मी लिहून घेतो."

ताईला कुणी काम दिलं नाही. ती नाणी हातात देत गेली. कडेने धरून, एकेक.

दुपार त्यात गेली. बंद खोलीत पाच माणसांचा श्वास आणि आईचा पदर. चिमणी आकडा वाचायची, राजे लिहायचे, भावजय वर्षांप्रमाणे लावलेल्या पाकिटांतून बोट फिरवत शोधायची. "अकरा चौसष्ट... नाही, खूण वेगळी... हे, हे घ्या." सुरुवातीला दर जुळणीला कुणीतरी हुश्श करायचं. चाळीसच्या पुढे तेही थांबलं. सगळ्यांच्या पाठी भरून आल्या. चहा झाला, तो तराजूपासून लांब, ओट्याशी उभं राहून. भावजयीने मधेच टाचण्यांची डबी आणली आणि जुळलेल्या पाकिटांच्या गठ्ठ्यांना चिठ्ठ्या टोचू लागली. पारखीबाई ओरडल्या, "टाचणी नको बाई, चांदीवर ओरखडा गेला तर माझ्या नावाने बोंब!" तिने डबी बंद केली आणि चिठ्ठ्यांवर बटणं ठेवली.

साठाव्या नाण्याला चिमणीचा आवाज मऊ झाला. सत्तराव्याला ती म्हणाली, "ताई, तू बस ना जरा. सकाळपासून उभी आहेस." ही तिची माफी. तिला ह्याहून मोठी माफी मागता येत नसे. ताई बसली.

राजे मात्र वहीतून मान वर करत नव्हते. शंभरच्या आसपास भावजयीने त्यांना कोपर मारलं. "अहो, जुळतंय सगळं. चेहरा कशाला असा?"

"उकडतंय," राजे म्हणाले.

ताईला माहीत होतं की हे उकडणं नव्हे. लहानपणापासून राजेंना काही सांगायचं नसलं की ते हवामानावर यायचे.

एकशेअकरा झाली. एकशेअकराही जुळली. शेवटच्या कप्प्याच्या शेवटच्या खणात एकच पाकीट उरलं, आणि ते इतरांसारखं नव्हतं. त्याच्या कडा वाकड्या होत्या, डिंक बाहेर आला होता. ते ताईने केलेलं नव्हतं.

ताईने ते पुढे केलं.

पारखीबाईंनी नाणं काढलं. भिंग लावलं. मग भिंग काढून नाणं कापसातच उभं धरलं आणि त्याच्या कडेवरून सावकाश नजर फिरवली. तोंडातली गोळी त्यांनी गालात सारली.

"बाकी सगळ्यांच्या कडेला दात आहेत. बघा, हे असे. खरवडून चांदी चोरू नये म्हणून टांकसाळ दात पाडायची. ह्याची कड गुळगुळीत. त्या साली दात पाडणारं यंत्र बिघडलं होतं, आठ-दहा दिवस अशीच नाणी निघाली, आणि चूक कळल्यावर बहुतेक वितळवली. मी आजवर दोन पाहिलीत. हे तिसरं." त्यांनी तराजूवर ठेवलं. चिमणीने आकडा वाचला. पाकिटावर तोच आकडा होता, दोन्ही घरांपर्यंत.

"म्हणजे हे आपल्याच पाकिटात होतं?" भावजय म्हणाली. "एवढं एकच?"

"एवढं एकच."

अर्थात, ताईच्या मनात आलं. एकशेबारात ह्या एकाच कडेला दात नव्हते. एवढं एक बोटांना चुकणं शक्य नव्हतं.

"चेहरा तर जसा टांकसाळीतून निघाला तसा आहे," पारखीबाई म्हणाल्या. "कड मात्र घासून चकाकलीय. बोटांनी. कुणीतरी हे रोज हातात घेत होतं, वर्षानुवर्षं, पण फार सांभाळून. थोडी किंमत उतरेल त्याने. तरी सांगते, तुमची बाकीची एकशेअकरा एका पारड्यात टाका आणि हे एकटं दुसऱ्यात. हे दीडपट भरेल."

चिमणीने दोन्ही हात तोंडावर घेतले. "म्हणजे जागा आली."

"आली की!" भावजय उठून आईकडे गेली आणि तिच्या कानाशी मोठ्याने म्हणाली, "आई, खालची जागा आली! आता खिडकीतून नाही, दारातून रस्ता बघायचा!"

आईने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

पारखीबाईंनी पाकीट उलटं केलं. "कुणाकडून घेतलं हेही लिहिलंय. 'बटणवाली. वजनाने घेतलं.'" त्या हसल्या. "वजनाने? हे चांदीच्या भावाने कोण देईल? देणारीला माहीत नसणार."

त्यांचं हसू खोलीत एकटंच पडलं. राजे उठून खिडकीपाशी गेले. लोटलेली खिडकी त्यांनी उघडली. आता तराजूवर ठेवायचं काही उरलं नव्हतं.

पारखीबाईंनी जन्मभर लोकांच्या घरात बसून काम केलं होतं. त्यांनी नाणं पाकिटात ठेवलं, भिंग पुसलं आणि म्हणाल्या, "मी जरा गॅलरीत उभी राहते. पाय आखडलेत."

त्या गेल्यावर ताई बोलली. तिने आधी शब्द ठरवून ठेवले होते, आठ महिन्यांत शेकडो वेळा. त्यातला एकही आठवला नाही.

"हे आपलं नाही. हे तिला परत द्यायचंय. बाबांना मी वचन दिलंय."

"कुणाला?" चिमणीने विचारलं.

"बटणवालीला. नदीपलीकडच्या बाजारात तिचं दुकान आहे. बटणं, दोरे, हुक. बाबा तिचा तराजू तपासायला गेले होते, एकतीस वर्षांपूर्वी. नवरा अंथरुणाला खिळलेला होता. तिने गल्ल्यातून जुनी चांदी काढली आणि म्हणाली, साहेब, तुमच्या वजनावर माझा विश्वास आहे, तुम्हीच तोलून घ्या. बाबांनी तोलून, चांदीच्या भावाने घेतली. एक कणही कमी केला नाही. त्यात हे होतं. त्यांना ते हातात घेताक्षणी कळलं होतं."

"मग चोरलं थोडंच? वजन बरोबर दिलं ना!"

"बाबाही तेच म्हणायचे स्वतःला. एकतीस वर्षं."

"तू हे सगळं मनाने सांगतेस का?" चिमणी उठली. "ताई, मी तुझ्यावर सकाळी संशय घेतला, चुकले, कबूल. पण हे काय आहे? आपण कशासाठी बसलोय इथे? आईसाठी ना? चूक बाबांची, आणि भरायची आईने? वर आणखी पन्नास वर्षं लोक म्हणणार, ते निरीक्षक, ते असले होते! तुला चालणारेय?"

"नाही चालणार."

"मग?"

"मग काही नाही. मला चालतंय की नाही ते बाबांनी विचारलं नव्हतं."

भावजय टेबलाशी उभी राहून पाकिटांचे गठ्ठे सरळ करत होती, आधीच सरळ असलेले. ती हळूच म्हणाली, "ताई, एक विचारू? तुमच्याकडे किल्ली होती. आठ महिने. हे एक काढून तुम्ही कधीच देऊन आला असतात, तर आम्हाला पत्ताही लागला नसता. एकशेअकराच आहेत म्हणाला असतात."

"हो."

"मग का नाही गेलात?"

ताईला ह्याचं उत्तर सोपं वाटत आलं होतं. आता ते सांगताना तिला एकेक शब्द शोधावा लागला. "त्यांनी ते गुपचूप आणलं होतं. मी गुपचूप नेऊन दिलं असतं तर पुन्हा तेच झालं असतं. आणि ते तुमचंही होतं. तुमच्यापासून चोरून मी कुणाचं काय परत करणार?"

"हे म्हणजे फारच झालं," चिमणी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, रागाचं. "राजे, तू बोल ना काहीतरी! का तोंडाला कुलूप घातलंयस सकाळपासून?"

राजे खिडकीबाहेर बघत राहिले. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"स्कूटर मी चालवत होतो," ते म्हणाले.

"काय?"

"त्या दिवशी. कॉलेजात होतो मी. बाबांचा पाय मुरगळला होता म्हणून मी त्यांना घेऊन गेलो. दुकानाच्या दारात उभा होतो. सगळं बघितलं. नाणं तराजूत पडलं तेव्हा बाबांचा चेहरा... तुम्हाला माहितीय, नवं काही मिळालं की त्यांचे कान लाल व्हायचे. तसे झाले. मला कळलं. येताना पुलावर मी विचारलं, बाबा, ते कितीचं आहे? तर म्हणाले, वजन बरोबर दिलंय ना? मी म्हटलं, हो. मग म्हणाले, समोर बघून चालव."

चिमणी परत खुर्चीत बसली.

"समोर बघूनच चालवतोय मग," राजे म्हणाले, आणि हसायचा प्रयत्न केला. तो जमला नाही.

ताईने भावाकडे बघितलं. सकाळी त्यांनी खिशात घातला असं तिला वाटलेला प्रश्न तिच्याविषयी नव्हताच. एकाच घरात वाढलेली दोघं एकच ओझं वेगवेगळ्या टोकांनी उचलून चालत होती, आणि दोघांना वाटत होतं की आपण एकटे आहोत.

"तुला बाबांनी कधी सांगितलं?" राजेंनी विचारलं.

"जायच्या तीन आठवडे आधी. तळहातावर ठेवलं माझ्या. म्हणाले, हे तिचं आहे. मी म्हटलं, बाबा, आताच जाऊ या, रिक्षा करते. तर म्हणाले, मला तिच्यासमोर उभं राहता येणार नाही. तू जा. मी गेल्यावर जा."

"आणि ती आहे अजून?"

"आहे. दुकान मुलगी चालवते, म्हातारी गल्ल्यापाशी बसते. मी दर महिन्याला जाते. दोऱ्याचं एक रीळ घेते आणि परत येते. आठ रिळं झालीत घरात."

भावजयीला हसू आलं. तिने ते पदराआड दाबलं. "म्हणून होय! मी म्हणतेय, ताई कधी सुई हातात धरत नाहीत, आणि हा दोरा कुठून येतो!"

तेवढ्यात खिडकीपाशी आवाज झाला. आई आरामखुर्चीच्या हातावर बांगड्या आपटत होती. कुणी ऐकत नसलं की ती तसं करायची.

"मला विचारा ना कुणीतरी," ती म्हणाली. "कधीची बसलेय."

"आई, तुला ऐकू..." चिमणी चाचरली.

"पंखा बंद असला की सगळं ऐकू येतं. रोज पंखा घरघरतो, मग तुम्ही ठरवता मी बहिरी." तिने श्वास घेतला. "तुमच्या बाबांनी झोपेत किती वेळा ते बटणवालीचं काढलंय, तुम्हाला काय माहीत. मला एकदा वाटलं, कुणी दुसरीच आहे. चार महिने धड बोलले नाही त्यांच्याशी. मग एका सकाळी विचारलं, कोण ती? तर नाणं दाखवलं. मी म्हटलं, इतकंच? मग देऊन या. तर म्हणाले, तेच तर जमत नाही."

राजे आईच्या पायाशी जमिनीवर बसले. पन्नाशी उलटलेला माणूस बसतो तसे, गुडघ्याला हात लावून.

"आई, पण खालची जागा येणार नाही मग. बाकीच्यांत नाही भागत."

"नाही येणार तर नाही येणार."

"तू इथेच अडकून राहशील," चिमणी म्हणाली. "उभा जन्म ह्या खिडकीत?"

"उभा कुठला, आता थोडा उरलाय तो बसूनच जाणार. जिन्याला भिंतीच्या बाजूनेही कठडा बसवा. आणि प्रत्येक वळणावर एक खुर्ची ठेवा. बेचाळीस पायऱ्या आहेत, मी मोजल्यात. बसत बसत उतरेन. एक तास लागेल. लागू दे. मला कुठे कचेरी गाठायचीय?" मग ती ताईकडे वळली. "तू जा. दुकान सातला बंद होत असेल."

चिमणीने पर्स उचलली, पुन्हा ठेवली, आणि स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा मोठा आवाज आला. तिला पटलं नव्हतं. ते पटायला महिने जातील, कदाचित पटणारही नाही, आणि ताईला वाटलं की तिचं काही चुकतही नाही. ह्या वचनाची किंमत वचन देणारीने नव्हे, गुडघे गेलेल्या बाईने मोजली होती.

पारखीबाई गॅलरीतून आत आल्या. त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. पेटीतून एक छोटी पारदर्शक डबी काढली, आत कापूस लावलेली, आणि ताईच्या पुढे ठेवली.

"पाकिटात नेऊ नका हो बसमधून. घासेल. आणि त्या बाईंना सांगा, विकायचं झालं तर आधी माझ्याकडे या. मी तोलून नाही घेणार."

ताईने नाणं डबीत ठेवलं. वाकड्या कडांचं पाकीटही घडी घालून पर्समध्ये घेतलं. त्यावरचं अक्षरही तिला दाखवायला हवं होतं. साडी सारखी केली. चप्पल घालताना स्वयंपाकघरातून आवाज आला:

"सव्वापाचची बस गेली असेल. साडेपाचची पकड. आणि पाण्याची बाटली घे, दिवसभर उभी आहेस."

"घेते," ताई म्हणाली.

ती पहिल्या वळणावर पोचली असेल, तेव्हा वर दार पुन्हा उघडलं. राजे कठड्यावरून वाकले होते. उतरायचं की नाही हे त्यांच्या पायांना ठरवता येत नव्हतं. एक पायरी ते उतरले आणि थांबले.

"ताई."

"काय रे?"

"तिने मला त्या दिवशी पाणी दिलं होतं. दारात उन्हात उभा होतो म्हणून. ग्लास बाहेर आणून दिला. आठवत नसेल तिला. पण सांग."

"येतोस का?"

राजे ती एक पायरी परत चढले. "पुढच्या वेळी," ते म्हणाले. "आज तू सांग."

ताईने मान हलवली आणि उतरू लागली. पहिल्या वळणावर भिंतीला ओल आली होती, तिथे खुर्ची भिंतीपासून थोडी लांब ठेवावी लागेल. दुसऱ्या वळणावर उजेड चांगला होता. आईला तिथे बसायला आवडेल. समोरच्या खिडकीतून रस्ता दिसतो. ती पायऱ्या मोजत होती हे तिला अठ्ठाविसाव्या पायरीवर लक्षात आलं. बेचाळिसावी संपली तेव्हा ती फाटकाशी होती, आणि डबी पर्समध्ये नव्हती, हातात होती. दोन बोटांत, कडेने, हलकी धरलेली.

ती बसथांब्याकडे चालू लागली.